पन्नास मतं आणि काळा लिफाफा

मतदान यंत्रावर, म्हणजे ईव्हीएमवर, विश्वास कशावरून ठेवायचा, यावर बोलण्याआधी माझी ओळख. मी शिक्षक होतो, म्हणजे दर निवडणुकीला ड्यूटी ठरलेली. केंद्राध्यक्ष म्हणून रात्र शाळेच्या बाकावर काढायची आणि पहाटे मॉक पोलला उभं राहायचं.

हा मॉक पोल आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची. कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागावर, निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटमधल्या (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या मोजून ताळा जमवायचा. मग ‘क्लिअर’ दाबून यंत्र शून्यावर आणायचं, चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या. एकदा माझ्यासमोर एकच एजंट होता, आणि त्याला चहा कुठे मिळेल याचीच चिंता.

‘सर, मशीन हॅक होतं का हो?’ असं मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. मी म्हणतो, प्रश्न जरा फिरवा. होत नसेल, तर ते तुम्हा-आम्हाला कशावरून कळावं? मतपत्रिकेचे दिवस काही सोन्याचे नव्हते, पेट्या पळवल्या जायच्या. पण पळवलेली पेटी गावाला दिसायची.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये नेमकं हेच धरलं. २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं घटनेत बसत नाहीत, असं ठरवलं. घोटाळा सापडला होता का? नाही. निवडणूकही रद्द केली नाही. साध्या नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसताना, मतमोजणी पडताळता आली पाहिजे. ती येत नव्हती, एवढंच.

आपल्याकडे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्हीव्हीपॅट आलं. चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा, ही मागणी एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली.

मग मारकडवाडी. माळशिरस तालुका, आपला सोलापूर जिल्हा. विधानसभेला शरद पवार गटाचे उत्तम जानकर निवडून आले, पण गावात भाजपचे राम सातपुते पुढे दिसले. जानकरांच्या समर्थकांना ते पटेना. ३ डिसेंबर २०२४ ला आपल्याच खर्चाने मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, बेत बारगळला. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, हे खरंच. पण शंका घेणाऱ्याच्या दारात पोलीस उभे केले की शंका घरात जाऊन बसते, बाहेर पडत नाही.

याउलट हरियाणाच्या पानिपत जिल्ह्यातलं बुआना लाखू गाव. २०२२ च्या सरपंच निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रं तिथेच आणून सगळ्यांसमोर पुन्हा मोजली आणि निकाल उलटला. यंत्रातले आकडे जागेवर होते, जाहीर करताना माणसं चुकली होती. उघडून मोजलं म्हणूनच ना ते कळलं?

आणि आपल्या हातात आहे ते आपण वापरतो का? मतदान संपलं की केंद्राध्यक्ष फॉर्म १७ सी भरतो. यंत्रात एकूण किती मतं पडली, ते त्यात असतं. सही केलेली प्रत एजंटला मिळते. मोजणीच्या दिवशी हाच कागद यंत्राशेजारी धरायचा. माझ्या शेवटच्या ड्यूटीला मी चार प्रती केल्या होत्या. दोन नेल्या. बाकीच्या दोघांना एसटी गाठायची होती.