टाके नसलेलं दुखणं

इंदूर. रामबागेतलं एक मराठी घर. सून दवाखान्यातून घरी आली आहे. टाके नाहीत, पट्टी नाही, कुशीत बाळ नाही. शेजारच्या काकू जिन्यातच विचारतात, ‘काय झालं होतं हो?’ सासूबाई म्हणतात, ‘काही नाही, पोट बिघडलं होतं.’

गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला होता. तो तिथे वाढत राहिला तर नळी फुटते, पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं. हिचं निदान वेळेत झालं, नळी शाबूत होती, म्हणून ऑपरेशन टळलं. मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं. हे औषध कॅन्सरवर आणि काही प्रकारच्या संधिवातावरही देतात. त्यामुळे मोबाइलवर नाव शोधलं की घरचे हादरतात. वाढत्या पेशींना फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतं. हे औषध ते त्यांना वापरू देत नाही. गर्भाची वाढ थांबते आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं.

आता स्वयंपाकघरात या. ओट्यावर पालक निवडून ठेवलाय, मटकीला मोड आलेत. ‘अगं, अंगात रक्त नको का भरायला?’ माया खरी आहे, पण पालक काय नि मटकी काय, दोन्हींत फोलेट भरपूर. त्यात उशाशी फोलिक अॅसिडच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्यांची उरलेली पट्टी. ती घेतली तर इंजेक्शनचाच जोर कमी होतो. मटकीने पोटात गॅस धरला तर कळ कशाची, हेही कळेना. डॉक्टर हे सगळं सांगतात, पण बहुधा नवऱ्याला, केबिनमधून निघता निघता. ओट्यापर्यंत ते पोचतच नाही. आणि पोहे? इंदुरात हा प्रश्न येणारच. पोहे चालतात. तोंड आलं असेल तर वरून भुरभुरायचा तिखट जिरावण मसाला तेवढा नको.

इंजेक्शनचा दिवस पहिला धरतात. चौथ्या दिवशी रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, तपासतात, सातव्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशीचा आकडा कधी कधी आधीपेक्षा वाढलेला निघतो आणि घरात रडारड होते. तो वाढू शकतो. बघायचं ते चौथ्या ते सातव्या दिवसातलं अंतर: किमान 15 टक्के उतार हवा. नसला तर डॉक्टर दुसऱ्या इंजेक्शनचा विचार करतात. पुढे आकडा उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायची सुई. याला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर धोका पुरता टळलेला नसतो.

याच पहिल्या आठवड्यात ओटीपोटात दुखतं, थोडं रक्त जातं. त्यावर पॅरासिटामॉल चालते; आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घ्यायची नाही. पण कळ असह्य झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, तर बाम चोळत बसू नका. पोटातलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागलं की दुखणं खांद्यात उमटतं. रात्र असो, पाहुणे असोत, थेट इमर्जन्सीत जायचं.

थकवा मात्र कुणाला दिसत नाही. ती दुपारी आडवी झाली की ‘अजून?’ असं कुणीतरी म्हणतंच. पाण्याची बादली उचलायची नाही, कडक उन्हात फिरायचं नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध नाहीत. हा शेवटचा मुद्दा घरात कुणी काढत नाही, म्हणून आम्ही काढतो.

पाळी बहुधा महिना-दीड महिन्यात येते, पहिल्या वेळी जरा जास्त जाऊ शकते. पुढच्या बाळासाठी साधारण तीन महिने थांबायला सांगतात. बीटा उतरल्यावर तीच फोलिक अॅसिडची गोळी डॉक्टर पुन्हा सुरू करतात. आणि पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच दवाखाना गाठायचा: गर्भ या खेपेला गर्भाशयातच आहे ना, हे सोनोग्राफीत लवकर बघून घ्यावं लागतं.