बॅटरीचा टक्का मोजत नाहीत, त्याचा अंदाज बांधतात

नमस्कार मंडळी! गेल्या महिन्यात कात्रजच्या घाटात माझी इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली, आणि डिस्प्लेवर तेव्हा चक्क 22 टक्के चार्ज दिसत होता. मागे बायको, हातात भाजीची पिशवी, गाडी ढकलत टपरीपर्यंत आणली आम्ही. मला तेव्हा खरंच वाटलं की बॅटरी गेली, आता मोठा खर्च.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडला आणि बीएमएसमधली त्या वेळची नोंद दाखवली. बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, पॅकच्या आतला छोटासा सर्किट बोर्ड. माझ्या पॅकमध्ये एकामागोमाग एक असे 16 सेल जोडलेत, त्यातले 15 चढावर 3.1 व्होल्टच्या आसपास होते आणि सात नंबरचा एकटा 2.5 वर आलेला. त्याच्याही खाली गेला तर सेल कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून बीएमएसने अख्खा पॅक कट केला. बैलजोडीतला एक बैल बसला की नांगर थांबतो ना, तसंच.

मग 22 टक्के कुठून आले? तर ऐका, बॅटरीत किती चार्ज उरलाय हे थेट मोजता येतच नाही. बीएमएस दूधवाल्यासारखा हिशोब ठेवतो, किती करंट आत आला, किती बाहेर गेला, रोज कॅलेंडरवर खुणा. त्यात रोज थोडी चूक होते आणि ती साठत जाते, म्हणून अधूनमधून व्होल्टेज बघून हिशोब जुळवावा लागतो.

आणि इथेच खरी मेख आहे. माझा पॅक एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. 2022 मध्ये देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, आपल्या पुण्यातही पेटली, तेव्हापासून या केमिस्ट्रीबद्दल लोक जास्त विचारायला लागले, कारण यात फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे सेल तापला तरी सहज भडकत नाही. मला स्वतःला आपल्या उन्हाळ्यासाठी हीच बॅटरी पटते. पण एलएफपीचा चार्ज 80 वरून 30 टक्क्यांवर आला तरी व्होल्टेज 0.1 सुद्धा हलत नाही! एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये तेवढ्यातच साधारण 4 वरून 3.6 व्होल्ट होतो, तिथे अंदाज सोपा. एलएफपीत हिशोब नीट जुळतो तो पार वर, फुल चार्जजवळ, कारण तिथे व्होल्टेज एकदम चढतो.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. फोनला 80 टक्क्यांची लिमिट लावतो तशीच स्कूटरपण मी कायम 80 वर काढायचो. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असतो, जास्त व्होल्टेजवर ती लवकर झिजते, तिथे 80 बरोबरच आहे. पण एलएफपी कधीच फुल केली नाही तर हिशोब जुळत नाही, आणि सेल बॅलन्सिंगही होत नाही, कारण बऱ्याच पॅकमध्ये ते अगदी शेवटीच सुरू होतं. पुढे गेलेल्या सेलचा थोडा चार्ज रेझिस्टरमधून उष्णता करून सोडून देतात, तोवर मागचा सेल गाठतो. हा करंट इतका बारीक असतो, 100 मिलीअँपिअर म्हटलं तरी 1 अँपिअर-अवरचा फरक मिटायला दहा तास जातात. म्हणून 100 दिसल्यावरही चार्जर लगेच काढू नका, कंपनीचं मॅन्युअल बघून आठवड्यातून एकदा तरी पूर्ण होऊ द्या. आणि उन्हातून आलात की आधी गाडी सावलीत लावून गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा, हे एलएफपी आणि एनएमसी दोन्ही बॅटऱ्यांना लागू.

मेकॅनिकने नवीन सेल टाकलाच नाही. तीन रात्री घरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज केली, बस. हा बघा कालचा स्क्रीनशॉट, फुल चार्जला पंधरा सेल 3.45 आणि आपला सात नंबर 3.44. आज सकाळी त्याच घाटातून आलो, वर पोचलो तेव्हा 17 टक्के होते.