निळ्या फ्यूजच्या जागी हिरवा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गल्लीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. सेल्फ लागत नाही, हॉर्न वाजत नाही, बॅटरी रात्रीत उतरते, मीटरवरचा दिवा विझत नाही, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. आज मात्र मला एका वेगळ्याच दोषाबद्दल बोलायचं आहे. तो गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला असतो, कंपनीला तो कळलेला असतो, फुकट काढून द्यायची तिची तयारीही असते, आणि तरी तो वर्षानुवर्षं तुमच्या गाडीत तसाच राहतो.

गेल्या पावसाळ्यात मानपाड्याहून एक ताई आल्या. नर्स आहेत, रात्रपाळीला घोडबंदर रोडने एकट्या जातात-येतात. गाडी छोटी, चार वर्षांची, त्यांनी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. म्हणाल्या, "दादा, एसी लावला की जळका वास येतो. आधी फ्यूज उडायचा. एकाने बदलून दिला, तेव्हापासून उडत नाही, पण वास सुरू झालाय."

फ्यूज उडायचा थांबला आणि वास सुरू झाला, हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. बॉनेट उघडलं, फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. कुठल्या खाचेत किती अँपिअरचा फ्यूज, ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. एसीच्या कॉम्प्रेसरला तिथे पंधराचा होता. पंधराचा फ्यूज निळा असतो. बसवलेला होता हिरवा, म्हणजे तीसचा.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. वायरीला झेपणार नाही इतका करंट जायला लागला की आधी फ्यूजची तार वितळते आणि वायर वाचते. पंधराच्या जागी तीसचा लावला, की वितळायची पाळी वायरीवर येते. असे फ्यूज बदलून देणारे हात आपल्याच धंद्यातले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत येऊ नये म्हणून ते हे करतात. दोष जिथल्या तिथे राहतो आणि तो दाखवणारा पहारेकरी तेवढा काढून टाकला जातो.

मी ती वायर धरून मागे मागे गेलो. बॅटरीच्या ट्रेमागे पत्र्याची एक पट्टी आहे, तिच्या कडेवर वायरिंगचा जुडगा टेकला होता. वरची काळी स्लीव्ह तिथे चिरलेली. आतल्या वायरींपैकी एकीचं प्लास्टिक घासून गेलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलेलं, त्यावर हिरवट थर. समोर पट्टीवर बारीक काळा डाग. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, त्यामुळे प्लसची वायर उघडी पडून पत्र्याला कुठेही टेकली की शॉर्ट. इंजिन थरथरलं की ती टेकायची, थरथर थांबली की सुटायची. म्हणून वास कधी यायचा, कधी नाही.

टेप गुंडाळून, पट्टीवर रबर चढवून, निळा फ्यूज लावून मी त्यांना अर्ध्या तासात मोकळं केलं असतं. पण चारच महिन्यांपूर्वी मी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत त्याच पट्टीवर त्याच जागी घासलेली वायर पाहिली होती. एका गाडीत झालं तर नशीब म्हणू. दोन गाड्यांत एकाच जागी झालं, तर वायरिंग बसवतानाच काहीतरी चुकलं आहे. मी ताईंना म्हटलं, "आरसी दाखवा."

आरसीवर चेसिस नंबर असतो, सतरा अक्षरं आणि आकडे मिळून. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत. तेव्हा ओसारखं दिसतं ते शून्य असतं आणि आयसारखं दिसतं तो एक. बरेच जण इथेच चुकतात आणि "माझी गाडी यादीत नाही" असं समजून निर्धास्त होतात. आम्ही तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घातला. उत्तर आलं की या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे. घोषणा चौदा महिन्यांपूर्वीची. कारण, इंजिनाच्या भागातलं वायरिंग घासण्याची शक्यता.

ताई सुन्न झाल्या. "मला कुणी कळवलंच नाही," म्हणाल्या. खरंच नव्हतं कळवलं. आरटीओत गाडी रीतसर त्यांच्या नावावर झाली होती, पण सर्व्हिस त्या बाहेरच करायच्या. कंपनीच्या कागदावर अजून पहिल्या मालकाचा मोबाइल होता. निरोप गेला होता, पण ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याकडे.

रिकॉल म्हटलं की लोकांना वाटतं गाडी परत घेणार, किंवा आपली गाडी भंगार निघाली. बहुतेक वेळा एवढंच असतं की गाडी वर्कशॉपला न्यायची, ते पार्ट तपासतात, लागला तर बदलतात, पैसे घेत नाहीत. आपल्याकडे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, सियामने, २०१२ साली याची ऐच्छिक नियमावली केली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०-ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर आपण सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. एका मॉडेलच्या ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी जमल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि दंड एक कोटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या एकट्याच्या तक्रारीलाही वजन आहे, कारण ती मोजली जाते. मेकॅनिककडे कुरकुर करून घरी गेलात, तर ती कुठेच मोजली जात नाही.

वायर घासण्याचा प्रकार फक्त स्वस्त गाड्यांत होतो असं समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. कारण हेच, इंजिनाच्या भागातलं वायरिंग घासून कापलं जाण्याची शक्यता. कंपनीने हे स्वतःहून जाहीर केलं याला मी चांगली गोष्ट मानतो. वाईट काय असतं ते अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सने २०१४ साली इग्निशन स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. स्विचचा खटका कमकुवत होता. चावीला जड जुडगा असेल, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली, तर चावी चालू गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि त्याच क्षणी धडक झाली तर एअरबॅगही उघडत नसे. कंपनीने भरपाईसाठी नेमलेल्या निधीनेच १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. तक्रारी आतल्या लोकांना कित्येक वर्षं आधीपासून ठाऊक होत्या. मधल्या काळात स्विच सुधारलाही, पण सुधारलेल्या पार्टला नंबर जुनाच ठेवला. माझ्यासारख्या माणसाच्या हातात पार्टची ओळख पटवायला फक्त तो नंबर असतो. तो न बदलणं म्हणजे जगभरातल्या कारागिरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं.

आता पाणी. वंदना टॉकीजपाशी पावसात काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, एर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल ६ यांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. त्यांतलं मोटर जनरेटर युनिट, म्हणजे इंजिन सुरू करायला हातभार लावणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासायचं होतं. पार्ट बदलायला सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होणार होती. तोवर गाडी तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका आणि इलेक्ट्रिकच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असं कंपनीने सांगितलं होतं. गणपती आठवड्यावर आले होते, पाऊस कोसळत होता. ज्यांना तो निरोप पोचला ते गाडी घरी ठेवून रिक्षाने गेले असतील. ज्यांना पोचला नाही ते पाण्यातून गेले, आणि आपण काय धोका पत्करतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पाणी बॉनेटखालूनच शिरतं असंही नाही. जानेवारी २०१० मध्ये होंडाने जगभरातून सहा लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, त्यांत भारतातल्या सिटी गाड्याही होत्या. काच उघडी राहिली की पावसाचं पाणी ड्रायव्हरच्या दारातल्या पॉवर विंडोच्या स्विचमध्ये उतरायचं आणि स्विच तापायचा. दक्षिण आफ्रिकेत अशा आगीत एक लहान मूल दगावलं होतं. दाराच्या स्विचपाशी चटका लागला, काच आपोआप वरखाली झाली, तर "पावसाने होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

आणखी एक गोष्ट मला आपल्या सोसायट्यांना सांगायची आहे. चावी काढली की गाडी मेली, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. अलार्म, घड्याळ, एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं) युनिट अशा काही भागांना गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा सुरू असतो. फोर्डच्या जुन्या गाड्यांत क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेचा, एक स्विच असा कायम जिवंत असायचा. त्यात ब्रेक ऑइल झिरपून, उभ्या गाड्या पेटायच्या. अमेरिकेत त्यापायी टप्प्याटप्प्याने एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास गाड्या बोलवाव्या लागल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच ह्युंदाई आणि कियाने एबीएस युनिटमध्ये शॉर्ट होऊ शकतो म्हणून जवळजवळ ३४ लाख गाड्या बोलावल्या आणि मालकांना सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा. उपाय काय होता? फ्यूज बदलणं.

हिरानंदानी असो, कोलशेत असो, नाहीतर नौपाड्यातली जुनी इमारत असो, आपण गाड्या लावतो त्या घराच्या खालीच. स्टिल्टमध्ये एकाला एक खेटून, बाजूला मीटररूम, वर पहिल्या मजल्यावर कुणाची तरी झोपलेली मुलं. असा निरोप आपल्याकडे आला तर गाडी नेऊन लावायची कुठे? म्हणून सोसायटीच्या सभेत पार्किंगचे स्टिकर देताना सगळ्यांनी आपापला चेसिस नंबर तपासून घ्यावा, असा ठराव करायला काय हरकत आहे? मी आमच्या सोसायटीत तो मांडला. पाचपन्नास गाड्यांचं काम एका रविवारच्या सकाळी झालं. दोन गाड्यांचं रिकॉल बाकी निघालं, आणि दोन्ही सेकंडहँड होत्या.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे ऐकावं. मोठ्या बॅटरीकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, पण तिच्यासोबत एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही ६ गाड्या चार्जिंग कंट्रोल युनिटसाठी बोलावल्या. ते बिघडलं तर ही छोटी बॅटरी उतरते.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. तुमच्या मेसेजमध्ये ‘ग्राहकहितार्थ तपासणी मोहीम’ असं गुळगुळीत काही लिहू नका. लोक ते फ्री वॉशिंगच्या जाहिरातीसारखं पुसून टाकतात. ‘तुमच्या गाडीत आग लागण्याचा धोका आहे, फुकट दुरुस्ती करून घ्या’ असं स्वच्छ मराठीत लिहा. गाडीची बदनामी होईल ही भीती मी समजू शकतो, पण ती वायर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

ताईंच्या गाडीच्या वायरिंगला त्या दिवशी मी हात लावला नाही. हिरवा फ्यूज काढला, निळाही लावला नाही, ती खाच रिकामी ठेवली आणि सांगितलं, एसीशिवाय चालवा, उद्या सकाळी थेट वर्कशॉपला जा. वायर मुद्दाम तशीच ठेवली. बाहेरच्या माणसाने वायरिंग कापलेलं दिसलं की काही ठिकाणी दोष त्याच्या माथी मारून हात झटकतात, हे मी अनुभवलेलं आहे. फोटो मात्र काढून दिले. काउंटरवर त्यांना आधी "तुमचं नाव सिस्टिममध्ये दिसत नाही" असंच ऐकायला मिळालं. त्यांनी आरसी पुढे केली, जॉबकार्डवर ‘रिकॉल’ हा शब्द लिहून मागितला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तिथूनच फोन लावते म्हणाल्या. दुपारपर्यंत जुडगा बदलून झाला, क्लिप बसली, बिल शून्य.

नंतर त्यांनी पहिल्या मालकाला फोन केला. ऐरोलीला राहतात, भला माणूस. त्यांनी फोन चालू ठेवूनच जुने मेसेज शोधले. तीन निघाले. म्हणाले, "ताई, गाडी विकून टाकली होती ना, म्हणून उघडलेच नाहीत." मग तिन्ही मेसेज त्यांनी ताईंना पाठवले, आणि ताईंनी ते मला दाखवायला आणले. पहिल्या मेसेजची तारीख होती त्यांनी गाडी घेतल्यानंतर बरोबर चार महिन्यांची.

नमस्कार.