तुंद शेन

मंडळी, आधी एक शिवी शिकवतो, मग विषयाकडे येऊ. आमची आजी चिडली की म्हणायची, थांब मेल्या, तुझं घर उन्हात बांधते. आर्मेनियन आजी चिडली की म्हणते ‘तुंद कांदवी’, म्हणजे तुझं घर मोडो. आणि खूश झाली की ‘तुंद शेन’. शेण नाही हो, शेन, हसू नका. अर्थ असा की तुझं घर नांदतं राहो. आपली घरं शेणाने सारवूनच नांदती राहिली ती गोष्ट वेगळी, पण सांगायचं हे की दोन्ही टोकाला घरच आहे, शिवीतही आणि आशीर्वादातही.

आणि हे अशा लोकांच्या तोंडी, ज्यांची घरं खरोखर मोडली. 24 एप्रिल 1915 ला ऑटोमन, म्हणजे तेव्हाच्या तुर्की, सरकारने कॉन्स्टँटिनोपलमधले, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधले, दोन-अडीचशे आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, पुढारी रातोरात उचलले. मग अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेली. मेलेल्यांचा आकडा बहुतेक इतिहासकार दहा लाखांच्या आसपास किंवा वर सांगतात, आर्मेनियन लोक पंधरा लाख म्हणतात, आणि तुर्की सरकार आजही याला वंशसंहार म्हणायला तयार नाही. म्हणून 24 एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, टेकडीवर 1967 मध्ये स्मारक झालं, मधे ज्योत, भोवती आत झुकलेले 12 दगडी फलक, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून फुलं वाहतात. फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, त्यावर मी जास्त बोलत नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्या स्मारकांबद्दल, ज्यांच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतात.

वाचलेले लोक कुठे कुठे फेकले गेले, बेरूत, अलेप्पो, पॅरिस, बोस्टन, आणि तिथे त्यांनी पहिलं काय केलं तर आपापल्या गावाची मंडळं काढली. आपल्याकडे मुंबईत गिरणगावात कशी एकेका गावाची मंडळं होती, खोली भाड्याने, वर्गणी, गावच्या देवळाला पैसे, तसंच. फरक एवढाच की यांचं गाव राहिलंच नव्हतं. मग वर्गणीचं करायचं काय? तर ते पैसे जमवून नवं गाव बांधायचं आणि जुन्याचं नाव त्याला द्यायचं. येरेवानमध्ये 1925 ला नोर अराबकीर सुरू झालं, नोर म्हणजे नवं. मग नोर सेबास्तिया, नोर मालातिया. बेरूतच्या बुर्ज हमूदमध्ये नोर मराश, नोर अदाना, नोर सीस. नकाशावरून जे गाव पुसलं गेलं ते बसच्या पाटीवर परत आलं. आता सांगा, पुतळा बरा की हे?

आता येतो ग्युमरीला, आर्मेनियातल्याच दुसऱ्या एका शहराला, कारण मी सिव्हिल इंजिनियर माणूस, मला भूकंपाशिवाय चैन पडत नाही असं बायको म्हणते. ग्युमरीचं आधीचं नाव अलेक्सांद्रोपोल, नंतर लेनिनाकान. विसाच्या दशकात इथे अमेरिकन मदत संस्थेच्या अनाथालयात वीस हजारांहून जास्त पोरं होती, 1915 नंतरची. त्याच शहरात 7 डिसेंबर 1988 ला सकाळी 11 वाजून 41 मिनिटांनी जमीन हलली. मुलं शाळेत होती. केंद्र स्पिटाकजवळ, तीव्रता 6.8, पंचवीस हजार माणसं गेली, पाच लाख बेघर झाली. 93 ला किल्लारीत मी तरुण इंजिनियर म्हणून होतो, तिथे माळवदाची घरं पडली, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा भार, पहाटे झोपेत. ग्युमरीत उलटं. जुनी दगडी घरं बरीच टिकली, आणि सोव्हिएत काळातल्या नऊ मजली नव्या बिल्डिंगी बसल्या. काँक्रीट कसलं होतं ते तिथले लोक आजही शिव्या देऊन सांगतात.

आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये, त्याचे नेते गोर्बाचेव्ह तेव्हा न्यूयॉर्कला होते, दौरा सोडून आले, म्हणाले दोन वर्षांत शहर उभं करू. सोव्हिएत युनियनभरातून मजूर आले, क्रेन आल्या, पाये खणले, आणि 1991 मध्ये सोव्हिएत युनियन हा देशच उरला नाही. मजूर आपापल्या घरी गेले. मागे राहिले अर्धवट भिंतींचे सांगाडे आणि डोमिक. डोमिक म्हणजे पत्र्याचे डबे, तात्पुरते दिलेले. रशियन शब्द आहे, अर्थ ‘छोटं घर’, म्हणजे आपल्या सरकारी भाषेत अगदी तंतोतंत घरकुल! त्या घरकुलात लोकांची तीस-तीस वर्षं गेली, पोरं जन्मली, त्यांची लग्नं झाली. मी एका डोमिकमध्ये गेलोय. पत्र्याला आतून गालिचा ठोकलेला, शोभेला नाही, थंडी अडवायला. मधे लोखंडी शेगडी, तिचा पाइप भिंतीतून बाहेर, पाइपभोवतीचा पत्रा गंजून हात जाईल एवढं भोक, त्यात चिंध्या कोंबलेल्या. हिवाळ्यात तिथे पारा उणे वीसच्या खाली जातो.

तर या अर्धवट भिंती आणि या डोमिकवाल्यांसाठी आता आर्मेनियन स्वयंसेवक काम करतात, देशातलेही आणि बाहेरचेही. भूकंपानंतर लगेच फ्रान्स-अमेरिकेतली आर्मेनियन पोरं स्पिटाकजवळच्या गोगारान गावात राबायला गेली होती. 2008 पासून फुलर सेंटर या घरं बांधणाऱ्या संस्थेची आर्मेनिया शाखा आहे. मिलार्ड फुलर म्हणजे ज्यांनी बायकोबरोबर 1976 मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही गरिबांसाठी घरं बांधणारी संस्था काढली तेच. पद्धत साधी: घर फुकट नाही. कुटुंबाने अंगमेहनत करायची, मालाचे पैसे बिनव्याजी हप्त्यांनी फेडायचे, ते पैसे पुढच्या घराला. हे आपल्याला नवीन नाही, 2006 मध्ये मळवलीजवळ हॅबिटॅटनेच शंभर घरं बांधली तेव्हा जिमी कार्टर स्वतः आले होते, लोणावळ्याकडची मंडळी अजून सांगतात.

ग्युमरीजवळच्या एका साइटवर मला एक साठीच्या बाई भेटल्या, कॅलिफोर्नियातून आलेल्या, आजी मराशची, त्या मोडलेल्या जुन्या गावांपैकी एकाची. सुट्टीचे दोन आठवडे आणि विमानाचं तिकीट स्वतःच्या खर्चाने. मी विचारलं, एवढ्या पैशात दोन गवंडी महिनाभर ठेवता आले असते की नाही? खवचट प्रश्न होता, मान्य आहे. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आजीच्या नावाने चर्चमध्ये दरवर्षी प्रार्थना करतो, जेवण घालतो, पण आजीला कबर नाही, कुठे पडली माहीत नाही, मग मी दगड ठेवायचा कुठे? आणि परत घमेलं उचललं. मला त्यावर काही बोलता आलं नाही, खरं सांगतो.

पण एक सांगायला पाहिजे, स्वयंसेवकांचं काम म्हणजे दरवेळी गोडच असतं असं नाही. बाईंनी लावलेली दगडाची ओळ गवंड्याने संध्याकाळी गुपचूप काढून परत लावली, ओळंबा सोडून पाहिला तर बोटभर बाहेर होती. मी पाहिलं, त्याने मला डोळा मारला. स्वयंसेवकांनी रांगेत उभं राहून बादल्या पास करायच्या, खडी चाळायची, पाणी मारायचं, भिंतीला हात लावायचा तो नावाला, असं सगळीकडे चालतं, आणि चालू दे. घरमालकाची आई मात्र सगळ्यांना कॉफी द्यायची, इवल्या कपात, आणि प्रत्येकाला ‘तुंद शेन’, मलाही, माझं घर पुण्यात सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर आहे हे तिला काय माहीत.

शेवटच्या दिवशी दरवाजाच्या वरचा काँक्रीटचा पट्टा भरायचा होता, भूकंपाचा बँड म्हणतो आपण, चारही भिंती एकत्र बांधून ठेवतो तो. किल्लारीनंतर मला सवयच लागलीय, मी फळ्यांवर चढून सळया मोजायला लागलो. गवंड्याला वाटलं माझा त्याच्यावर विश्वास नाही. भाषा येत नव्हती, मग मी जमिनीवर काडीने लिहिलं, 1993, आणि हाताने जमीन हलवून दाखवली. त्याने काडी घेतली, खाली लिहिलं 1988. मग आम्ही दोघांनी मिळून परत सळया मोजल्या.