वादातून वाढलेली शाळा : कोल्हापुरातील मिशन शिक्षणाची वाटचाल

१८५२ च्या अखेरीस रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझा यांच्यासह अहमदनगरहून कोल्हापुरात आले, तेव्हा हे शहर छत्रपतींच्या संस्थानाची राजधानी असले तरी १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरील शिबंदीच्या, उठावानंतर राज्यकारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांची पकड घट्ट झालेली होती. अंबाबाईच्या देवळाभोवती वसलेल्या या शहरात ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे स्वागत होईल, अशी अपेक्षा कोणीच केली नसावी. व्हरमाँट प्रांतात १८१६ साली जन्मलेले वायल्डर मिशनरी होण्यापूर्वी शिक्षक होते, आणि कोल्हापुरातही त्यांच्यातला शिक्षक उपदेशकाइतकाच जागा राहिला.

शाळा काढण्याची ही रीत ते सोबत घेऊन आले होते. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने प्रवचनाच्या जोडीने मराठी शाळा चालवल्या होत्या. १८३१ पासून अहमदनगर हे त्या कामाचे मोठे केंद्र झाले. तेथे सिंथिया फॅरार या बाईंनी चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना ते उदाहरण त्यांच्यासमोर होते, हे आता सर्वश्रुत आहे. वायल्डर यांनी त्याच अहमदनगरात सहा वर्षे काढली होती.

या शाळांची घडण आजच्या वाचकाला काहीशी चमत्कारिक वाटेल. ख्रिस्ती शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्यामुळे अनेक ठिकाणी हिंदू पंतोजीच नेमले जात, आणि तेच पंतोजी अक्षरओळख, वाचन व हिशेब शिकवता शिकवता बायबलमधील धडेही मुलांकडून पाठ करून घेत. धर्मांतराच्या भीतीने मुलांना शाळेतून काढून घेणारे पालक होते, तसेच मुलगा लिहायला-वाचायला शिकतो आहे एवढ्यावर समाधान मानून बाकीकडे काणाडोळा करणारेही होते. माझ्या मते या शाळा टिकल्या त्या मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पालकांच्या व्यवहारी शहाणपणामुळे.

मात्र शाळांना सर्वांत कठोर विरोध झाला तो गावातून नव्हे, तर वायल्डर यांच्याच घरातून. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. मिशनरीने लोकांच्या भाषेत उपदेश करावा, स्थानिक ख्रिस्ती मंडळ्या उभाराव्यात आणि त्यांची जबाबदारी स्थानिक माणसांवर सोपवावी, असे त्यांचे ठाम मत होते. इंग्रजी शिकलेली मुले मिशनकडे न राहता सरकारी नोकरीकडे वळतात आणि बिगरख्रिस्ती शिक्षकांच्या शाळांतून धर्मप्रसार साधत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी शाळांना कात्री लागली आणि शाळांवरचा खर्च आखडता घेण्यात आला. अँडरसन यांचा युक्तिवाद सहज धुडकावण्यासारखा नव्हता, कारण देशी भाषा आणि देशी नेतृत्व यांचा त्यांनी धरलेला आग्रह त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीचा होता. परंतु शाळेकडे केवळ धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहिल्यावर त्या साधनाचा हिशेब जुळेना, आणि हिशेब न जुळणारी शाळा बंद करणे त्यांना सोपे गेले.

वायल्डर यांनी हे मानले नाही. शाळांची बाजू मांडणारा सविस्तर ग्रंथ त्यांनी १८६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. बोर्डाशी असलेला संबंध तुटला, तेव्हा मित्रांच्या वर्गणीवर विसंबून ते स्वतंत्र मिशनरी म्हणून कोल्हापुरात परतले. पुढे सुमारे दहा वर्षे कोल्हापूरचे मिशन कोणत्याही मोठ्या संस्थेच्या पाठबळाविना चालले आणि १८७० मध्ये ते अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशन बोर्डाकडे गेले. याच काळात, १८६३ मध्ये, कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट पुढे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे, म्हणजे विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याकडे वळवणाऱ्या चळवळीचे, एक प्रवर्तक झाले. वायल्डर १८७५ मध्ये मायदेशी परतले व १८८७ मध्ये वारले. त्यांच्या चरित्रपर नोंदीत तीन हजार तीनशेंहून अधिक मुलांना त्यांनी शाळेत आणल्याचे म्हटले आहे, आणि त्यांपैकी मुली होत्या तीनशे. हे प्रमाण आज तुटपुंजे दिसते; पण ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हेच अनेक घरांत अशुभ मानले जात होते, त्या काळातील हे तीनशे आहेत.

मुलींच्या शिक्षणाचे हे काम पुढच्या पिढीतील मिशनरी स्त्रियांनी उचलले. एस्तर पॅटन या त्यांपैकीच एक, आणि त्यांचे नाव आजही कोल्हापुरातील एका शाळेला आहे. शहराच्या पूर्वेला, आज न्यू शाहूपुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात मिशनचे आवार आणि वायल्डर यांच्या स्मरणार्थ बांधलेले चर्च आहे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली गेली, तसतसे एके काळी गावाबाहेर असलेले हे आवार शहराच्या वर्दळीत आले.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत मिशन शाळांचे स्थान बदलले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले गेले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. महाराजांनी जातवार वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यात १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेलचीही भर पडली. ज्या मुलांसाठी पूर्वी मिशनखेरीज फारसे कोणी दार उघडत नव्हते, त्यांच्यासाठी आता दरबारच उभा राहिला. यापुढे मिशनची शाळा अनेक शाळांपैकी एक ठरली आणि तिला आपली ओळख शिस्त, अध्यापन आणि वसतिगृह यांच्या बळावर टिकवावी लागली.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले आणि कारभार स्थानिक ख्रिस्ती मंडळींकडे आला. अँडरसन यांनी शंभर वर्षांपूर्वी मागितलेली ही गोष्ट अखेर शाळांच्या बाबतीतही घडली. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, तर अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, अथवा तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करण्यास मनाई केली. कॅथॉलिक संस्थांच्या होली क्रॉस आणि सेंट झेवियर्स या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही शहरात नावारूपाला आल्या.

अँडरसन आणि वायल्डर यांच्या वादात भाषेचा जो प्रश्न होता, तो मात्र सुटलेला नाही. इंग्रजी शिकलेला मुलगा हातचा जाईल, ही १८५५ मधील बोर्डाची चिंता होती. आज मराठी माध्यमाच्या शाळांपुढे पटसंख्येचा प्रश्न उभा आहे. मुलाला इंग्रजी माध्यमात घालण्याचा निर्णय आता पालकच घेतात, आणि जुन्या मराठी शाळांच्या चालकांना दर जून महिन्यात त्या निर्णयाशी सामना करावा लागतो.