आवड आपली, अंदाज यंत्राचा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने मोबाइलवर नऊवारी शोधून द्यायला सांगितले. मी 'नऊवारी' एवढाच शब्द लिहिला आणि समोर शिवलेल्या, नाडीच्या साड्या आणि लहान मुलींचे नाचाचे पोशाख यांची रांग लागली. रोज नेसायची साधी सुती साडी त्यांत नव्हती.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ऑनलाइन दुकान आपल्या मनातले ओळखत नाही. ही वस्तू घेणाऱ्यांनी आणखी काय घेतले, याचा हिशेब मांडून ते अंदाज बांधते. अ‍ॅमेझॉनने १९९८ मध्येच ही पद्धत वापरात आणली होती. तिच्यात बहुतेकांना जे चालते ते पुढे येते, आणि ज्यांची आवड थोडी निराळी असते त्यांची वस्तू मागच्या पानांवर राहते.

कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले दुकानदार आधी विचारत असत: रोजची की सणाची? काठ रुंद की बारीक? धुवायला घरी की बाहेर? हे प्रश्न आता मदत करणाऱ्याने, म्हणजे घरातल्या मुला-नातवंडांनी, विचारायला हवेत. मी मावशीला ते विचारले आणि तिच्या उत्तरांतले शब्दच चौकटीत लिहिले: सुती, न शिवलेली, नऊ वार, बारीक काठ. मग वर्णने वाचली. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्यामुळे साडेपाच मीटरच्या साड्या लगेच बाद झाल्या. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम रेशीम, हेही तिला सांगावे लागले, कारण नावातले 'सिल्क' फसवते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, अनेक विक्रेत्यांचा माल मांडणाऱ्या संकेतस्थळांनी शोधातला क्रम कशावरून ठरतो, याचे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगायचे असतात. तो मजकूर एकदा तरी शोधून वाचा, आणि 'स्पॉन्सर्ड' असे लिहिलेली वस्तू पैसे देऊन पुढे आणलेली आहे, हे ध्यानात ठेवा. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मावशीची हिरवी साडी शेवटी चौथ्या पानावर मिळाली.