एअरप्लेन मोड लावून वाचताय? मग हे ऐकाच

नमस्कार मंडळी! ई-बुक वाचताना कंपनीला आपलं काय काय कळतं, हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदा बोलूनच टाकू. पुस्तक कुठलं, थांबलात कुठे, हायलाइट काय केलंत, हे सगळं कळतं. नाहीतर मोबाइलवर सोडलेलं पान टॅबवर बरोब्बर तिथेच कसं उघडलं असतं? झालं, एवढंच.

खरा घोळ पुढे आहे. "दादा, मी एअरप्लेन मोडवर वाचतो, मला कसली भीती?" अशा कमेंट्सचा नुसता पाऊस पडतो. अहो, त्या मोडने नोंद व्हायची थांबत नाही, बाहेर जायची थांबते. तीही तात्पुरती! ओळ हायलाइट केलीत की ती यंत्रात साठते. पुढचं पुस्तक उतरवायला वायफाय लावलंत की साठलेलं सगळं रवाना. पत्र लिहून पेटीत टाकून झालंय, फक्त पोस्टमन यायचाय. आता पेटीसमोर उभं राहून "मी कुठे पाठवलं?" म्हणण्यात काय अर्थ आहे?

"मग मी पुस्तकच डिलीट करतो." करा. यंत्रातून जाईल, खात्यातून नाही. हे मी स्वतः भोगलंय. मध्यंतरी मन फार थकलं होतं, तेव्हा नैराश्यावरचं एक पुस्तक घेतलं. भरपूर ओळी हायलाइट केल्या आणि वाचून झाल्यावर उडवलं. पण खातं घरात सगळ्यांचं एकच! काही महिन्यांनी ताईने तिच्या फोनवर तेच पुस्तक उघडलं, तर माझ्या पिवळ्या ओळी जशाच्या तशा. तिचा लगेच फोन, "अरे, बरा आहेस ना तू?"

प्रेमानेच विचारलं तिने. पण त्या दिवसापासून माझं हायलाइट करणं बंद. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी ओरडलंही नव्हतं. आणि इथेच ते "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही"वाले येतात. अरे बाबा, माझ्याकडे तरी काय होतं लपवण्यासारखं? तरी हात आखडलाच ना! अमेरिकी सरकार लोकांवर ठेवत असलेली पाळत एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये उघड केली, त्यानंतर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांचं वाचन घटलं, असं जॉन पेनी या संशोधकाच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. ज्ञानकोशातला लेख वाचणं गुन्हा थोडाच आहे? लोकांनी आपणहूनच टाळलं.

कुणीतरी विचारलंय, "नुसतं बघतात ना, करतात काय?" तर २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रावरून, विकत घेतलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पुस्तक कुठलं? ऑरवेलचं '१९८४', म्हणजे सरकारी पाळतीवरचीच कादंबरी! आणि २०१४ मध्ये अडोबीच्या डिजिटल एडिशन्स ४ या ई-बुक वाचायच्या सॉफ्टवेअरमधून वाचनाची माहिती कंपनीकडे जात होती, तीही कूटबद्ध न करता, म्हणजे वाटेत कुणीही वाचावी अशी. बोंब झाल्यावर दुरुस्ती केली.

मग करायचं काय? किंडलवर हायलाइटचा बॅकअप सेटिंगमध्ये बंद करता येतो, पण तो वाचायला बसायच्या *आधी* बंद करा. मोड नाही, बॅकअप! परत सांगतो, मोड नाही. आधीचे हायलाइट खात्यात जाऊन एकेक पुसावे लागतात, कंटाळवाणं काम आहे. आणि घरात प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा, हे मी आता कानाला खडा लावून सांगतोय.

त्या पुस्तकाची मी मग छापील प्रत आणली, रोख पैसे देऊन. पेन्सिलीने मनसोक्त रेघा मारल्या. परवा ताई म्हणाली, "ते पुस्तक दे ना वाचायला."

तेव्हापासून खोडरबर शोधतोय.